भीती लहरींची, घात दुर्लक्षाचा : मोबाइलच्या सुरक्षिततेचा पाऊणशे वर्षांचा इतिहास

हा लेख वाचताना आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात किंवा हाताशी मोबाइल असेल. त्यापासून प्रकृतीला काही अपाय होतो काय, हा प्रश्न आपण केव्हा ना केव्हा कोणाला तरी विचारला असेल, किंवा कोणी तरी आपणांस विचारला असेल. त्यावर बहुधा दोन उत्तरे ऐकावयास मिळतात. एक, कानाशी फोन धरल्याने मेंदूला कर्करोग होतो. आणि दुसरे, इमारतीवरील टॉवरमुळे सारी वस्ती आजारी पडते. गाडी चालवीत असता फोनवर बोलल्याने माणसाचा जीव जातो, हे उत्तर मात्र फारसे कोणी देत नाही. ते सर्वांना ठाऊकच आहे असे आपण धरून चालतो.

प्रस्तुत लेखात या दोन्ही धोक्यांचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा आहे. तो वाचल्यावर एक विलक्षण गोष्ट आपल्या ध्यानात येईल. ज्या धोक्याविषयी आपण सर्वांत अधिक बोललो, त्याचा पुरावा तीस वर्षे शोधूनही बळकट झाला नाही. आणि ज्या धोक्याचा पुरावा हातात धरावयाचा मोबाइल जन्माला येण्यापूर्वीच मिळाला होता, त्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष दिले.

फोन प्रथम मोटारीत आला

हिंडत्या-फिरत्या माणसाला दूरध्वनीवर बोलता यावे, ही कल्पना जुनी आहे. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस शहरात मोटारीतून बोलण्याची दूरध्वनीसेवा जनतेसाठी सुरू झाली. त्या यंत्रसामग्रीचे वजन सुमारे ३६ किलो होते. एवढे ओझे हातात घेऊन कोण फिरणार? ते मोटारीतच ठेवावे लागे. शिवाय रेडिओ लहरींचे मार्ग मोजकेच असल्यामुळे एका शहरात एका वेळी अगदी थोड्या लोकांनाच बोलता येई.

या अडचणीवरचा उपाय बेल लॅबोरेटरीजमधील डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्ये एका टिपणात मांडला. शहराचे मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी भाग पाडावेत आणि प्रत्येक भागात कमी शक्तीचे प्रक्षेपण केंद्र ठेवावे, म्हणजे एका भागात वापरलेली लहर दूरच्या दुसऱ्या भागात पुन्हा वापरता येईल, अशी ती योजना होती. अशा भागाला इंग्रजीत 'सेल' म्हणतात आणि 'सेल फोन' हे नाव त्यावरूनच पडले. योजना कागदावर तयार होती; ती प्रत्यक्षात उतरण्यास मात्र तीस वर्षांहून अधिक काळ लागला. सन १९७९ मध्ये जपानच्या टोकियो शहरात अशी व्यापारी सेवा सुरू झाली, तीही मोटारीतल्या फोनसाठीच होती.

ही हकिगत मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, हे साधन प्रथमपासून चालकाच्या शेजारी बसूनच वाढले. तेव्हा गाडी चालविताना बोलावे की नाही, हा प्रश्न मोबाइलच्या प्रसाराबरोबर उद्भवला, असे समजणे बरोबर नाही. तो त्याच्या पाळण्यापासूनचाच आहे.

सन १९६९ मधला इशारा

हा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारणारे मानसशास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये निघाले. आय. डी. ब्राउन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी आपला प्रयोग १९६९ साली प्रसिद्ध केला. त्यांनी २४ चालकांना रहदारीपासून दूर अशा बंदिस्त मार्गावर मोटार चालवावयास दिली. मार्गात ठिकठिकाणी दोन अडथळ्यांच्या मध्ये जागा सोडलेली होती. काही जागा मोटार जाईल इतक्या रुंद होत्या, तर काही तिच्यापेक्षा अरुंद. येथून गाडी जाईल की नाही, हे चालकाने पाहून ठरवावयाचे होते. त्याच वेळी दूरध्वनीवरून काही विधाने ऐकवली जात आणि ती बरोबर की चूक हे त्याने सांगावयाचे होते.

निष्कर्ष काय निघाला? चाक वळविणे, गाडी सरळ रेषेत ठेवणे अशी हातापायांच्या सवयीची कामे बोलण्यामुळे फारशी बिघडली नाहीत. बिघडला तो अंदाज. जेथून गाडी जाणे शक्यच नव्हते, अशा जागांविषयीचा निर्णय विशेषकरून चुकू लागला. सवयीचे काम हात करीत राहतात, पण पाहणे आणि ठरविणे यांवर मात्र बोलण्याचा घातक परिणाम होऊ शकतो, असे या शास्त्रज्ञांनी लिहून ठेवले.

वाचकहो, या निष्कर्षाचे मर्म नीट लक्षात घ्यावे. फोनवर बोलणाऱ्या चालकाला आपले काही बिघडले आहे असे वाटतच नाही, कारण हात ठीक चाललेले असतात. 'मी वीस वर्षे गाडी चालवितो, मला काही होत नाही,' असे तो प्रामाणिकपणे म्हणतो. जे बिघडते ते त्याला स्वतःला दिसत नाही, आणि ते दिसत नाही हाच त्या बिघाडाचा स्वभाव आहे.

हातातला फोन आणि आपला देश

यानंतर चार वर्षांनी, ३ एप्रिल १९७३ रोजी, मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातात धरलेल्या फोनवरून पहिला कॉल केला. तो त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे बेल लॅबोरेटरीजच्या जोएल एंगल यांना लावला होता! त्या फोनचे वजन एक किलोहून अधिक होते. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८३ साली, असा फोन अमेरिकेत विक्रीस आला. त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती आणि एकदा भारित केल्यावर जेमतेम अर्धा तास बोलता येई.

आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले आणि येथील मोबाइलयुगाला आरंभ झाला. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मिनिटाचा दर ऐकूनच सामान्य माणूस दूर राही. सन २००३ मध्ये येणारे कॉल विनामूल्य झाले, दर झपाट्याने उतरले आणि श्रीमंतांचे हे साधन भाजीवाल्यापासून रिक्षाचालकापर्यंत सर्वांच्या हाती आले. साधन सर्वांच्या हाती आले, तशी त्याविषयीची भीतीही सर्वांच्या घरी आली.

लहरींची भीती : उगम आणि तपास

या भीतीला प्रसिद्धी मिळाली ती जानेवारी १९९३ मध्ये. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील एका गृहस्थाने, आपल्या पत्नीच्या मेंदूतील गाठीला आणि मृत्यूला सेल फोन कारणीभूत आहे, असा दावा न्यायालयात दाखल केला होता. लॅरी किंग यांच्या प्रसिद्ध दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने आपली कहाणी सांगितली. देशभर खळबळ उडाली आणि फोन बनविणाऱ्या कंपन्यांच्या समभागांचे भाव कोसळले. पुढे १९९५ साली पुराव्याअभावी तो दावा फेटाळला गेला; परंतु लोकांच्या मनातला प्रश्न फेटाळला गेला नाही, आणि तसे होणे योग्यही नव्हते. ज्याची पत्नी गेली त्याने कारण विचारणे स्वाभाविक होते. शास्त्रज्ञांनीही तो प्रश्न गंभीरपणे घेतला.

या ठिकाणी लहरींविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. क्ष-किरणांची ऊर्जा इतकी असते की, ते पेशीतील रेणूंचे बंध तोडू शकतात. मोबाइलच्या रेडिओ लहरींच्या एकेका कणाची ऊर्जा बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा लाखो पटींनी कमी असते. त्यांचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता होय. शरीराचा जो भाग फोनजवळ असतो तो किंचित तापतो. हे तापणे मर्यादेत राहावे म्हणून एक किलो शरीरभाराने किती वॅट ऊर्जा शोषावी, याचे माप ठरविण्यात आले. त्याला 'सार' मूल्य म्हणतात. अमेरिकेने १९९६ साली ही मर्यादा किलोमागे १.६ वॅट ठेवली. आपल्या सरकारनेही १ सप्टेंबर २०१२ पासून तीच लागू केली. अनेक हँडसेटवर तारा, हॅश, शून्य, सात, हॅश ही बटणे क्रमाने दाबल्यास त्या फोनचे 'सार' मूल्य पडद्यावर दिसते.

आता संशोधनाकडे वळू. तेरा देशांत मिळून केलेल्या 'इंटरफोन' या पाहणीचा निष्कर्ष मे २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइल वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठी एकंदरीने वाढल्याचे त्यात आढळले नाही. ज्यांनी सर्वांत अधिक, म्हणजे एकूण १,६४० तास वा त्याहून जास्त बोलल्याचे सांगितले, त्यांच्यात एका प्रकारच्या गाठीचे प्रमाण अधिक दिसले; पण रुग्णांच्या आठवणीवर विसंबून केलेल्या त्या मोजणीत चुकांना इतका वाव होता की, त्यावरून कार्यकारणसंबंध ठरविता येत नाही, असे खुद्द संशोधकांनीच नमूद केले.

पुढील वर्षी, ३१ मे २०११ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्योन येथील कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात घातले. वृत्तपत्रांनी 'कदाचित' हा शब्द बारीक टाइपात आणि 'कर्करोगकारक' हा शब्द मोठ्या टाइपात छापला! वस्तुतः त्या वर्गाचा अर्थ 'पुरावा तुटपुंजा आहे, शंका पुरती मिटलेली नाही' असा होता. त्या काळी त्याच वर्गात कॉफीही होती. २०१६ मध्ये तिचे नाव त्यातून काढण्यात आले.

त्यानंतर मोठमोठ्या पाहण्या झाल्या. डेन्मार्कमधील ३,५८,४०३ मोबाइलधारकांच्या नोंदी तपासून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धोका वाढलेला दिसला नाही. ब्रिटनमधील ७,७६,१५६ स्त्रियांच्या पाहणीतही, जिचा अहवाल २०२२ साली आला, तसेच आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात बावीस देशांतील ६३ अभ्यास एकत्र तपासले गेले. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात दिसून आला नाही.

निःपक्षपातीपणाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या सरकारी विषविज्ञान कार्यक्रमाने उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवर, दिवसाला सुमारे नऊ तास, दोन वर्षे, संपूर्ण शरीरावर लहरींचा मारा केला. २०१८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील नरांच्या हृदयात काही गाठी आढळल्या. पण तोच मारा सोसलेले हे नर न सोसलेल्यांपेक्षा अधिक जगले, असेही त्यात दिसले. माणसाच्या कानाशी धरलेल्या फोनची तुलना या प्रयोगाशी सरळ करता येत नाही. तथापि संशोधन चालू राहावे, इतके यावरून नक्की म्हणता येते.

आपल्याकडे चर्चा अधिक झाली ती टॉवरची. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी २०१० साली टॉवरच्या धोक्याविषयी दूरसंचार विभागाला अहवाल सादर केला. वसत्या-वसत्यांतून तक्रारी झाल्या. सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा व रुग्णालये यांजवळचे टॉवर हलविण्याचा आदेश दिला. सन २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधील एका कर्करोगग्रस्ताच्या अर्जावरून तेथील एक टॉवर बंद करविला.

सावधगिरी म्हणून हे सारे समजण्याजोगे आहे. परंतु एक साधी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दिव्यापासून दूर जावे तसा उजेड झपाट्याने मंदावतो. लहरींचेही तसेच आहे. डोक्याला मिळणाऱ्या लहरींचा मोठा हिस्सा दूरच्या टॉवरचा नसून कानाला लावलेल्या हँडसेटचा असतो. आणि टॉवर जितका लांब, तितका हँडसेट अधिक जोर लावून प्रक्षेपण करतो. म्हणून ज्याला लहरींची काळजी वाटते त्याने, संदेशवहन क्षीण असेल तेथे लांबण लावू नये आणि बोलताना इअरफोन वापरावा. एवढा उपाय पुरेसा आहे आणि त्याला खर्चही नाही.

टोरांटोचा हिशेब

लहरींचा हा तपास चालू असताना दुसरीकडे काय घडत होते ते पाहू. कॅनडातील टोरांटोचे डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट टिबशिरानी यांनी अपघातात सापडलेल्या ६९९ मोबाइलधारक चालकांच्या फोनची बिले तपासली. एकूण २६,७९८ कॉलच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. अपघाताच्या अगोदरच्या काही मिनिटांत हा मनुष्य फोनवर होता काय? आणि आदल्या दिवशी त्याच वेळी होता काय? अशी ती तुलना होती. माणूस तोच, सवयी त्याच. फरक केवळ फोनचा. फेब्रुवारी १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फोनवर असताना अपघाताचा धोका चौपटीहून अधिक वाढत होता. सन २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे, अपघातात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांच्या अभ्यासातही धोका चौपटच निघाला.

कर्करोगाच्या बाबतीत लाखो लोकांच्या नोंदी तपासूनही जे स्पष्ट दिसले नाही, ते येथे काहीशे लोकांत ढळढळीत दिसले.

टोरांटोच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अपघातानंतर शंभरांपैकी ३९ चालकांनी त्याच फोनवरून मदत बोलाविली होती. आपल्या महाराष्ट्रातही २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते आणि त्यासाठी बहुतेकदा मोबाइलच कामी येतो. साधन वाईट नाही; ते कोणत्या क्षणी हाती घ्यावे, एवढाच प्रश्न आहे.

या दोन्ही अभ्यासांतून निघालेला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र लोकांपर्यंत पोचलाच नाही. हातात फोन धरून बोलणारा आणि हात मोकळे ठेवून बोलणारा, या दोघांच्या धोक्यात लक्षणीय फरक आढळला नाही. १९६९ च्या प्रयोगाचीच ही साक्ष होय. बिघाड हातात नसतोच. तो लक्षात असतो. कानात इअरफोन घातला, किंवा आपल्याकडे सर्रास दिसते तसा हेल्मेटच्या कडेत फोन खोचला, म्हणजे आपण सुरक्षित झालो, ही समजूत या इतिहासाला धरून नाही.

येथे कोणी विचारील, 'मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोललेलेही चालत नाही काय?' युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेअर यांच्या गटाने २००८ साली याचे उत्तर दिले. शेजारचा माणूस रस्ता पाहत असतो. समोर गर्दी आली की तो आपोआप थांबतो, प्रसंगी 'अरे, सांभाळ' म्हणतो. फोनवरच्या माणसाला समोरचा ट्रक दिसत नाही. तो आपला विचारीतच राहतो, आणि चालक उत्तर देतच राहतो.

डोळे असून न दिसणे

लक्ष दुसरीकडे असता डोळ्यांसमोरचे न दिसणे, हा अनुभव पायी चालणाऱ्यालाही येतो. अमेरिकेतील वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात इरा हायमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेदार प्रयोग केला. एकचाकी सायकलवर बसलेला, रंगीबेरंगी पोशाख घातलेला विदूषक चौकात फिरता ठेवला आणि तेथून गेलेल्या लोकांना पुढे गाठून विचारले, 'तुम्ही विदूषक पाहिलात काय?' एकट्याने चालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आणि जोडीने चालणाऱ्यांपैकी दहांतील सातांनी तो पाहिला होता. मोबाइलवर बोलत गेलेल्यांपैकी चारांतून एकालाच तो दिसला होता. विदूषकाच्या जागी आपण बस किंवा लोकलगाडी कल्पिली, म्हणजे या गमतीतले गांभीर्य कळेल.

पडद्याचे फोन आल्यावर कानाबरोबर डोळाही गुंतला. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने ट्रकमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या आणि २००९ साली जाहीर झालेल्या अभ्यासात, संदेश लिहिणाऱ्या चालकाचा धोका तेवीसपट आढळला. घातक प्रसंगाच्या आसपासच्या सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद त्याची दृष्टी रस्त्यावर नव्हती. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एवढ्या वेळात सुमारे ७७ मीटर पुढे जाते. सहा-सात एस.टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढे अंतर हा मनुष्य डोळे मिटून तोडतो!

स्वतःचे छायाचित्र घेण्याच्या नादाचीही गोष्ट तीच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी संबंधित संशोधकांनी जगभरच्या वृत्तांवरून केलेल्या मोजणीनुसार ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात सेल्फी घेताना २५९ जणांचा मृत्यू झाला. मृतांचे सरासरी वय सुमारे तेवीस वर्षे होते आणि सर्वाधिक मृत्यू भारतात झाले होते. सन २०१६ मध्ये वांद्रे बँडस्टँड येथील दुर्घटनेनंतर मुंबई पोलिसांना समुद्रकाठच्या अनेक जागा सेल्फीसाठी धोक्याच्या म्हणून जाहीर कराव्या लागल्या. समुद्र पूर्वी होता तसाच आहे. त्याच्याकडे पाठ करून उभे राहण्याची रीत नवी आहे.

कायदा मागाहून आला

ज्ञान असले तरी ते कायद्यात उतरण्यास किती काळ लागतो, याचा हा इतिहास एक नमुनाच आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २००१ साली, आणि ब्रिटनने १ डिसेंबर २००३ पासून, गाडी चालविताना हातात फोन धरण्यास बंदी केली. हवाई बेटांतील होनोलुलू शहराने २०१७ मध्ये रस्ता ओलांडताना फोनच्या पडद्याकडे पाहणेही दंडनीय ठरविले. आपल्याकडे नियमांत मोबाइलचा उल्लेख अगोदरपासून होता आणि पोलीस दंडही करीत असत. परंतु मोटार वाहन कायद्याच्या धोकादायक वाहन चालविण्याच्या कलमात, हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर स्पष्ट शब्दांत आला तो १ सप्टेंबर २०१९ पासून. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत.

सन १९६९ चा इशारा आणि सन २०१९ चा कायदा यांमध्ये बरोबर पन्नास वर्षे गेली. आणि कायदा झाला तोही 'हातात धरलेल्या' साधनापुरता! लक्षाचा बिघाड त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. जगातील बहुतेक कायद्यांची हीच गत आहे. हात पोलिसाला दिसतो, लक्ष दिसत नाही.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२१ साली देशात ४,१२,४३२ रस्ते अपघातांत १,५३,९७२ माणसे मेली. त्यांपैकी मोबाइलच्या वापरामुळे झालेले म्हणून नोंदलेले अपघात १,९९७ आणि मृत्यू १,०४० होते. एकूण संख्येच्या मानाने हा आकडा लहान वाटेल. परंतु ही नोंद व्हावी कशी, याचा विचार करावा. मद्य घेतलेल्याच्या रक्तात मद्य सापडते. फोनवर बोलणाऱ्याच्या रक्तात काही सापडत नाही. मेलेला माणूस सांगत नाही आणि वाचलेला कबूल करीत नाही. तरीही एका वर्षात हजाराहून अधिक मृत्यू असे आहेत की, ज्यांचे कारण पोलिसांच्या कागदावरही आले.

दुसऱ्या टोकाला कोण असते?

वाचकहो, आतापर्यंत आपण चालकाविषयी बोललो. आता शेवटचा मुद्दा आपल्या सर्वांविषयीचा आहे. प्रत्येक संभाषणाला दोन टोके असतात. एका टोकाला दुचाकीवरचा मुलगा असतो. दुसऱ्या टोकाला कोण? पुष्कळदा घरातलेच कोणी तरी असते. कॉलेज सुटून अर्धा तास झाला, मुलगी पोचली नाही, म्हणून आई किंवा अम्मी फोन लावते. दुकानातून निघालेल्या भावाला वाटेत साखर आणावयास सांगायची असते. मालकाला माल कोठवर आला हे टेम्पोचालकाकडून जाणून घ्यायचे असते. यांपैकी कोणाच्याही मनात वाईट नसते. काळजी किंवा निकडच असते. परंतु फोन उचलला नाही तर रागावण्याची जी रीत आपण घराघरांत व कामाच्या जागी पाडली आहे, तीच त्या मुलाला चालत्या गाडीवर खिशात हात घालावयास लावते.

लहरींचा प्रश्न शास्त्रज्ञ पाहत आहेत. त्यात आपल्या हाती थोडेच आहे. लक्षाचा प्रश्न मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. त्यासाठी तीन साध्या गोष्टी पुरेत. फोन लावल्यावर पहिले वाक्य 'गाडीवर आहेस का?' हे असावे. उत्तर 'होय' आले तर 'थांबल्यावर बोल' एवढे म्हणून आपणच फोन ठेवावा. उचलला नाही तर पुनःपुन्हा लावू नये आणि घरी आल्यावर त्याबद्दल बोल लावू नये. आणि वडीलधाऱ्यांनी स्वतः गाडी चालविताना फोन घेऊ नये. कारण मागे बसलेले मूल नियम ऐकून शिकत नाही, पाहून शिकते.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. वर्गात विज्ञानाच्या तासाला लहरी शिकविल्या जातात, तेव्हा १९६९ चा तो अरुंद जागेचा प्रयोग मुलांना अवश्य सांगावा. शाळेच्या मैदानावर दोन खुर्च्या ठेवून, एका विद्यार्थ्याला सायकल हातात धरून पायी चालवीत नेऊ द्यावी आणि त्याच वेळी दुसऱ्याने त्याला पाढे विचारावेत. अंदाज कसा चुकतो, हे मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. ताशी चार किलोमीटर वेगाने खुर्चीला लागलेला धक्का हसण्यावारी जातो. तोच धक्का साठच्या वेगाने लागू नये, एवढ्यासाठी हा धडा मैदानातच घेतलेला बरा.